'कम्युनिटी' कोणती?

'ऑर्कुटवर आहेस का?' हा प्रश्न 2006-07 च्या सुमारास कॉलेजच्या कट्ट्यावर सर्रास ऐकू येई. गुगलमधील ऑर्कुट नावाच्या तुर्की अभियंत्याने जानेवारी 2004 मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ त्याच्याच नावाने ओळखले गेले. ब्राझील आणि भारत या दोन देशांनी ते डोक्यावर घेतले.

संकेतस्थळाबरोबर त्याचे शब्दही आले. भंगारवाल्याच्या पाटीवरचा 'स्क्रॅप' पोरांच्या तोंडी निरोप या अर्थाने रुळला. 'स्क्रॅप टाक', 'अ‍ॅड कर' ही चक्क मराठी झाली. पुढे फेसबुकच्या काळात मैत्री तोडण्यालाही शब्द मिळाला. 'अनफ्रेंड' हा 2009 साली ऑक्सफर्डच्या अमेरिकन शब्दकोशाने वर्षाचा शब्द ठरवला.

पण खरा विचार करायला लावणारा शब्द 'कम्युनिटी' हा आहे. ऑर्कुटवर कम्युनिटी म्हणजे आवडीने जमलेला गट. कुणी क्रिकेटचा, कुणी सिनेमाचा. आपल्या तरुणांनीही तेथे बाबासाहेबांच्या नावाने कम्युनिट्या काढल्या. एक बटण दाबले की आत, दुसरे दाबले की बाहेर.

त्याच काळात मी कायद्याचा विद्यार्थी होतो आणि शहरात खोली शोधत होतो. एका घरमालकाने भाडे सांगितले, पाण्याची वेळ सांगितली आणि मग हळूच विचारले, "तुमची कम्युनिटी कोणती?" मी सांगितले. खोली मिळाली नाही. 'जात' हा शब्द त्यांनी उच्चारलाही नव्हता!

बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीला बंदिस्त वर्ग म्हटले होते. ऑर्कुटच्या कम्युनिटीतून बाहेर पडता येत होते. घरमालकाच्या 'कम्युनिटी'तून बाहेर पडायचे बटण कोठे आहे?

30 सप्टेंबर 2014 रोजी ऑर्कुट बंद झाले. 'स्क्रॅप' पुन्हा भंगाराच्या दुकानात गेला. 'कम्युनिटी' मात्र भाड्याच्या घरांच्या चौकशीत आणि लग्नाच्या बायोडाटात ठाण मांडून बसली आहे. वकील म्हणून मला यातला धोका दिसतो. जातिवाचक शिवीला साक्षीदार उभा करता येतो, पण अशा गोड शब्दात झालेला अपमान कोर्टात सिद्ध कसा करायचा?

म्हणून मित्रांनो, यापुढे कुणी 'कम्युनिटी' विचारली तर उत्तर देण्याआधी शांतपणे विचारा, "जात विचारताय का?" उत्तर काय द्यायचे, ते मग त्यालाच ठरवू द्या.