‘फिट’ शेरा आणि रक्तातली चरबी

सडक अर्जुनी तालुक्यातलं सौंदड हे राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचं गाव. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरचं स्टेशनही. नोकरीपायी होणारी वैद्यकीय तपासणी इथल्या रेल्वेवाल्यांना नवी नाही. स्टेशन मास्तर रेल्वेच्या वैद्यकीय वर्गवारीत ‘ए-२’ वर्गात मोडतो. ४५ व्या वर्षापर्यंत दर ४ वर्षांनी, ५५ पर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी त्याची ‘पीएमई’, म्हणजे ठरावीक काळानं होणारी वैद्यकीय तपासणी होते. तिचा मूळ हेतू गाडीची सुरक्षितता: सिग्नल दिसतो का, रंग ओळखता येतात का. म्हणजे ‘फिट’ याचा अर्थ कामावर जायला हरकत नाही, एवढाच; रक्तातल्या चरबीची ती हमी नव्हे. वाढलेलं कोलेस्टेरॉल ना दुखत, ना खुपत; ते फक्त रक्त तपासल्यावर कळतं.

‘बीपी-शुगर झाली, आता काय राहिलं?’ असं शिबिरांत हमखास ऐकू येतं. राहतं ते कोलेस्टेरॉलच. तिशीपुढच्यांच्या सरकारी घरोघर तपासणीत रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांवर भर असतो. कोलेस्टेरॉल त्या पाचांत नाही. त्यामुळे पुष्कळांच्या बाबतीत कामाच्या ठिकाणचं शिबिर हीच पहिली संधी ठरते. नव्या श्रम संहितांमध्ये चाळिशीपुढच्या कामगारांसाठी मालकाच्या खर्चानं वार्षिक तपासणीची तरतूद आहे. तिच्यात लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची चाचणी, धरलं आहे का, हे आधीच विचारलेलं बरं.

रक्त देण्यापूर्वी पाच मिनिटं स्वस्थ बसावं. उभं राहिल्यानं आकडा थोडा वर सरकतो. ताप येऊन गेला असेल तर तो खोटा खाली येतो, तेव्हा काही आठवडे थांबावं. आदल्या रात्रीची दारू ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी फुगवते. उपाशीपोटाचा आग्रह मात्र आता सैल झालाय. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली चाचणी जेवणानंतरही चालते. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर निघालं तर पुन्हा उपाशीपोटी करावी. रात्रपाळी संपवून आलेल्याला आणखी उपाशी ठेवायचं कारण नाही. हातातून घेतलेलं रक्त गोठू देतात, यंत्रात गरगर फिरवून वरचा पिवळसर द्रव वेगळा काढतात. प्रयोगशाळेत त्यात विकरं मिसळली की गुलाबी रंग चढतो. रंग जितका गडद, तितकं कोलेस्टेरॉल जास्त.

रिपोर्ट हातात आला की लोक ‘टोटल’ कोलेस्टेरॉलवर बोट ठेवतात. तिथेच फसगत होते. समजा, दोघांचंही टोटल २१२ आहे. पहिल्याचं एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३४ आणि ट्रायग्लिसराइड २४०. दुसऱ्याचं ६२ आणि १००. टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा केला की एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) मिळतं. दोघांचंही १३० भरतं! पण टोटलमधून फक्त एचडीएल वजा करा: पहिल्याचं १७८, दुसऱ्याचं १५०. धमनीच्या भिंतीत शिरणारी सगळी चरबी या आकड्यात येते, म्हणून पहिल्याची काळजी जास्त. कमी एचडीएल आणि चढं ट्रायग्लिसराइड ही जोडी आपल्या देशात फार दिसते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे ८१ टक्के प्रौढांच्या रक्तातल्या चरबीत काही ना काही बिघाड आढळला. टोटल वाढलेले मात्र २४ टक्केच होते.

गोंदिया हा धानाचा जिल्हा. दोन्ही वेळचा भरपूर भात आणि बैठी नोकरी असेल, तर तेलावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेलं असूनही ट्रायग्लिसराइड चढतं. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल मुळातच नसतं; त्या अक्षरांना भुलण्यात अर्थ नाही. खर्ऱ्याचं काय, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगावं. खर्ऱ्यातल्या तंबाखूमुळे त्याच आकड्यांची जोखीम वाढते.

एका रिपोर्टवर गोळी सुरू होतेच असं नाही. थायरॉइड मंद असला तरी कोलेस्टेरॉल वाढतं, ते आधी पाहतात. वय, रक्तदाब, साखर, घरातला हृदयविकार यांची बेरीज करून ठरवतात. एलडीएल १९० किंवा अधिक असेल, तर सहसा पथ्यावर थांबत नाहीत. स्टॅटिन देतात आणि भावंडांना, मुलांनाही तपासायला सांगतात, कारण हा बिघाड वंशपरंपरेनं आलेला असू शकतो. उपचार सुरू झाल्यावर साधारण ४ ते १२ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतात.

शिबिर भरवणाऱ्यानं दोन गोष्टी आधी ठरवाव्यात: रिपोर्ट बंद पाकिटात ज्याचा त्याला मिळेल, साहेबाच्या टेबलावरून फिरणार नाही, आणि कंत्राटी हमाल व सफाई कामगारांची नावंही यादीत असतील.