सर्वात भारी हत्यार कोणते? : माइनक्राफ्टमधील तलवारी, कुऱ्हाडी आणि क्रमवारीचे गणित



मधल्या सुट्टीत मुलांचे वाद ऐकले आहेत का? पूर्वी क्रिकेटपटूंवरून भांडणं व्हायची, आजही होतात. पण आता त्यात एक नवा विषय आला आहे. "तलवार भारी की कुऱ्हाड भारी?" हा वाद असतो माइनक्राफ्ट या खेळातला. आपण बहुतेक वेळा "पुरे झालं ते मोबाईलचं" म्हणून तो मोडून टाकतो. पण त्या वादात दशांश अपूर्णांक आहेत, भागाकार आहे, सरासरी आहे आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे 'क्रमवारी कशी लावायची' हा प्रश्न आहे. हा प्रश्न आपल्या निकालपत्रकापर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून आज तो वाद नीट सोडवून पाहूया.

आधी खेळाची ओळख

माइनक्राफ्ट हा स्वीडनमधील मोजांग कंपनीचा खेळ. त्याची पूर्ण आवृत्ती १८ नोव्हेंबर २०११ रोजी आली. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली. खेळातलं सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं असतं. झाड तोडायचं, दगड खणायचा, लोखंड वितळवायचं, घर बांधायचं आणि रात्री येणाऱ्या राक्षसांपासून जीव वाचवायचा. जीव टिकवून राहणं हाच खेळ. म्हणून अशा खेळांना 'सर्व्हायव्हल' खेळ म्हणतात.

यात लांबून मारायला धनुष्य आहे. पण शत्रू अंगावर आला की हातघाईची शस्त्रे लागतात. त्यांपैकी चार पाहू : तलवार, कुऱ्हाड, त्रिशूळ (मुलं 'ट्रायडंट' म्हणतात) आणि गदा (मुलांच्या भाषेत 'मेस').

एक सूचना. या खेळाचे दोन प्रकार आहेत. संगणकावरची 'जावा' आवृत्ती आणि मोबाईलवरची 'बेडरॉक' आवृत्ती. दोन्हींचे नियम वेगळे आहेत. खालचे आकडे जावा आवृत्तीचे आहेत, कारण त्यात गणित जास्त आहे. जादू (एन्चांटमेंट), उडी मारून केलेला जोरदार वार वगैरे गोष्टी आपण सोपेपणासाठी बाजूला ठेवू.

दोन आकडे समजून घ्या

१) मारा : एका वारात शत्रूचे किती गुण कमी होतात. खेळाडूकडे १० हृदये म्हणजे २० गुण असतात.

२) वेग : एका सेकंदात किती पूर्ण ताकदीचे वार करता येतात. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी आलेल्या १.९ आवृत्तीपासून हा नियम आला. एक वार केला की थोडं थांबावं लागतं. न थांबता धपाधप बटण दाबत राहिलं तर मारा कमी होत जातो, अगदी पाचव्या हिश्श्यापर्यंत खाली येतो.

आता फळ्यावर लिहायचे आकडे :

तलवार (सर्वांचा वेग १.६)
– लाकडी : मारा ४
– सोन्याची : मारा ४
– दगडी : मारा ५
– लोखंडी : मारा ६
– हिऱ्याची : मारा ७
– नेदराइटची : मारा ८

कुऱ्हाड
– लाकडी : मारा ७, वेग ०.८
– सोन्याची : मारा ७, वेग १.०
– दगडी : मारा ९, वेग ०.८
– लोखंडी : मारा ९, वेग ०.९
– हिऱ्याची : मारा ९, वेग १.०
– नेदराइटची : मारा १०, वेग १.०

त्रिशूळ : मारा ९, वेग १.१
गदा : मारा ६, वेग ०.६

(नेदराइट हा या खेळातला काल्पनिक धातू आहे. अलीकडे तांब्याची हत्यारंही खेळात आली आहेत. ते आकडे मुलांनाच भरायला सांगा.)

कसोटी १ : एका वारात कोण भारी?

नुसता मारा पाहिला तर कुऱ्हाड सरळ जिंकते. लाकडी कुऱ्हाडीचा मारा ७ आणि हिऱ्याच्या तलवारीचाही ७! कुऱ्हाडवाली मुलं इथेच टाळ्या वाजवतात. पण थांबा.

कसोटी २ : एका सेकंदात कोण भारी?

इथे मारा गुणिले वेग असा गुणाकार करायचा.

नेदराइट तलवार : ८ × १.६ = १२.८
हिऱ्याची तलवार : ७ × १.६ = ११.२
नेदराइट कुऱ्हाड : १० × १.० = १०
त्रिशूळ : ९ × १.१ = ९.९
लोखंडी तलवार : ६ × १.६ = ९.६
हिऱ्याची कुऱ्हाड : ९ × १.० = ९
लोखंडी कुऱ्हाड : ९ × ०.९ = ८.१
दगडी तलवार : ५ × १.६ = ८
दगडी कुऱ्हाड : ९ × ०.८ = ७.२
गदा : ६ × ०.६ = ३.६

पाहिलंत? क्रम उलटा झाला. त्याच धातूची तलवार कुऱ्हाडीच्या पुढे गेली. लोखंडी तलवार तर हिऱ्याच्या कुऱ्हाडीलाही मागे टाकते. आता तलवारवाली मुलं टाळ्या वाजवतात. पण अजून थांबा.

कसोटी ३ : समोर कोण आहे?

क्रीपर नावाचा हिरवा राक्षस असतो. जवळ येतो, फुसफुसतो आणि फुटतो. त्याचे गुण २०. त्याला मारायला किती वार लागतील? भागाकार करायचा आणि बाकी उरली की एक वार वाढवायचा, कारण अर्धा वार कधी करता येत नाही. सहलीच्या गाड्यांचं गणित आठवा. ४५ मुलं आणि एका गाडीत १०, तर साडेचार गाड्या नाही, पाच गाड्या लागतात. हे तसंच.

दगडी तलवार : २० ÷ ५ = ४ वार.
लोखंडी तलवार : २० ÷ ६ = ३ आणि बाकी २, म्हणजे ४ वार.

म्हणजे क्रीपरपुढे दगडी आणि लोखंडी तलवार सारख्याच! लोखंडासाठी केलेली खणाखणी इथे कामाला आली नाही. पण समोर कोळी (स्पायडर) असेल तर त्याचे गुण १६. तिथे लोखंडी तलवारीला ३ वार पुरतात आणि दगडीला ४ लागतात. लाकडी तलवारीलाही ४ च लागतात.

आता वेळ काढू. पहिला वार लगेच होतो, थांबावं लागतं ते पुढच्या वारांसाठी. म्हणून वारांतून एक वजा करायचा आणि वेगाने भागायचं. (खांबांमधली अंतरं मोजताना खांबांपेक्षा एक अंतर कमी असतं, तोच नियम.)

क्रीपरसाठी :
– लोखंडी तलवार : ४ वार, ३ ÷ १.६ = १.८७५ सेकंद
– हिऱ्याची तलवार : ३ वार, २ ÷ १.६ = १.२५ सेकंद
– नेदराइट तलवार : ३ वार, तेवढेच १.२५ सेकंद
– हिऱ्याची कुऱ्हाड : ३ वार, २ ÷ १ = २ सेकंद
– नेदराइट कुऱ्हाड : २ वार, १ ÷ १ = १ सेकंद

क्रीपर फुसफुसायला लागल्यापासून दीड सेकंदात फुटतो. म्हणजे हे आकडे नुसते कागदावरचे नाहीत. दीड सेकंदाच्या आत कोण बसतं ते बघा. (प्रत्यक्षात वार बसला की क्रीपर मागे ढकलला जातो, म्हणून साध्या हत्याराची मुलंही वाचतात.)

आणि गंमत म्हणजे कसोटी २ मध्ये पहिली आलेली नेदराइट तलवार इथे नेदराइट कुऱ्हाडीच्या मागे गेली. पण ४० गुणांचा एंडरमॅन समोर आला की तलवारीला ५ वार आणि २.५ सेकंद लागतात, कुऱ्हाडीला ४ वार आणि ३ सेकंद. पुन्हा तलवार पुढे! हत्यारं तीच, शत्रू बदलला आणि नंबर बदलला.

कसोटी ४ : टिकाऊपणा

प्रत्येक हत्यार ठराविक वापरानंतर मोडतं. सोनं ३२, लाकूड ५९, दगड १३१, लोखंड २५०, हिरा १५६१, नेदराइट २०३१. तलवार एका वारात १ ने झिजते. कुऱ्हाड मात्र शत्रूवर मारली तर २ ने झिजते, कारण ती मुळात लाकूड तोडायचं अवजार आहे.

लोखंडी तलवार : २५० वार × ६ = १५०० गुण.
लोखंडी कुऱ्हाड : १२५ वार × ९ = ११२५ गुण.

शिवाय तलवारीला लोखंडाच्या २ विटा लागतात आणि कुऱ्हाडीला ३. म्हणजे एका विटेमागे तलवार ७५० गुण देते, तर कुऱ्हाड ३७५, बरोबर निम्मे!

आणि सोन्याची तलवार? ३२ × ४ = १२८. लाकडी तलवार सुद्धा ५९ × ४ = २३६ देते. सोनं दिसायला सुंदर, पण मऊ. 'चकाकतं ते सगळं सोनं नसतं' ही म्हण आपण शिकवतो. इथे मुलांना दुसरी बाजू कळते : सोनं असलं तरी प्रत्येक कामाला उपयोगी नसतं. (न्याय करायचा तर हेही सांगा की जादू चढवायची असेल तर सोनं उत्तम असतं. त्याचंही एक मैदान आहे.)

मग गदा इतकी मागे का?

गदा २०२४ मध्ये १.२१ आवृत्तीत आली. जमिनीवर उभं राहून मारली तर यादीत शेवटची. पण उंचावरून उडी मारत शत्रूवर आणली तर पडण्याच्या उंचीप्रमाणे मारा वाढतो. पहिल्या ३ ठोकळ्यांना प्रत्येकी ४, पुढच्या ५ ना प्रत्येकी २ आणि त्यापुढे प्रत्येकी १. वीजबिलात युनिटचे टप्पे असतात ना, तसंच. फक्त इथे दर कमी होत जातो.

१० ठोकळ्यांवरून पडलं तर : (३ × ४) + (५ × २) + (२ × १) = १२ + १० + २ = २४ गुण जास्तीचे. क्रीपर एका फटक्यात संपला! वार बसला तर पडल्याची इजाही होत नाही. नेम चुकला तर मात्र आपलीच हाडं मोडतात.

तर शेवटी क्रमवारी काय?

माझं उत्तर असं :

– पहिली रात्र, हातात फारसं काही नाही : दगडी कुऱ्हाड. लाकूडही तोडते आणि वेळ आली तर लढतेही.
– रोजचा वापर : लोखंडी, मग हिऱ्याची तलवार. स्वस्त, टिकाऊ, जलद. शिवाय तलवारीचा घाव आजूबाजूच्या शत्रूंनाही थोडा लागतो.
– समोर ढालवाला खेळाडू : कुऱ्हाड. तिच्या घावाने ढाल ५ सेकंद निकामी होते.
– लांबून फेकायचं आणि जवळूनही मारायचं : त्रिशूळ. पण तो बनवता येत नाही, बुडालेल्या झोंबीकडून (ड्राउन्ड) मिळवावा लागतो.
– उंच जागा आणि पक्का नेम : गदा.

आणि मोबाईलवरच्या बेडरॉक आवृत्तीत? तिथे दोन वारांमध्ये थांबण्याची अटच नाही आणि त्याच धातूच्या कुऱ्हाडीपेक्षा तलवारीचा मारा १ ने जास्त असतो. म्हणजे कसोटी १ चा निकालच उलटा. दोन मुलं तासभर भांडतात आणि दोघंही बरोबर असतात. एक संगणकावर खेळतो, दुसरा वडिलांच्या मोबाईलवर. नियम वेगळे असतील तर उत्तर वेगळं येणारच.

वर्गात कसे घ्यावे? (इयत्ता ५ वी ते ७ वी)

१. साधन काही नको. फळा आणि खडू पुरे. मोबाईल वर्गात आणायची गरज नाही.
२. चार गट करा. प्रत्येक गटाला एकच कसोटी द्या, बाकीच्या सांगू नका. प्रत्येक गट आपली क्रमवारी फळ्यावर लिहील. चार याद्या वेगळ्या आल्या की वर्ग आपोआप विचारतो, "सर, खरं कोणाचं?" पाठ इथे सुरू होतो.
३. हा खेळ न खेळणाऱ्या मुला-मुलींना परीक्षक करा. त्यांना फक्त आकडे दिसतात, आवड-निवड आड येत नाही. घरी मोबाईल नसलेलं मूलही मग मागे पडत नाही.
४. गृहपाठ : घरातल्या कामाच्या वस्तूंची अशीच क्रमवारी. विळा, कोयता, कुदळ, खुरपं यांत सर्वात उपयोगी कोणतं? कशासाठी? आई-वडिलांना विचारून कसोट्या लिहा. ऊसतोड करणाऱ्या घरातलं मूल कोयत्याबद्दल जे सांगेल ते आपल्यालाही माहीत नसतं.

पालकांसाठी दोन शब्द

हत्यारांचा खेळ म्हणून काळजी वाटणं साहजिक आहे. युरोपातील पेगी वर्गीकरणात हा खेळ ७ वर्षांपुढील मुलांसाठी आहे. राक्षस नकोच असतील तर खेळात 'पीसफुल' हा पर्याय निवडता येतो. खरी काळजी घ्यायची ती दोन गोष्टींची : अनोळखी लोकांबरोबर ऑनलाइन खेळणं आणि वेळेचं भान. त्यासाठी घरचा नियम हवाच.

पण "किती वेळ खेळतोस?" याबरोबरच कधीतरी "कोणती तलवार चांगली आणि का?" असंही विचारून बघा. 'का' वर जोर द्या. जे मूल गणिताच्या वहीपुढे गप्प बसतं, ते तुम्हाला २५० भागिले २ तोंडी सांगेल. त्याला गणित येत नव्हतं असं नाही. त्याला ते गणित आपलं वाटत नव्हतं.

शेवटचा मुद्दा, आपल्या सर्वांसाठी

फक्त कसोटी २ लावून निकाल लावला असता, तर गदा नापास झाली असती. एकाच बेरजेवर पहिला, दुसरा, तिसरा नंबर काढणं सोपं असतं. म्हणून तर आपण आकारिक मूल्यमापनात निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम अशी वेगवेगळी साधने वापरतो आणि वर्णनात्मक नोंदी लिहितो. पण खरं सांगायचं तर वर्षाच्या शेवटी घाईघाईत त्या नोंदी एकसारख्या होतात, आणि पालकही दारातच विचारतात, "नंबर कितवा आला?"

मुलांनी हत्यारांच्या बाबतीत हा प्रश्न चार कसोट्यांवर घासून पाहिला. प्रगतिपुस्तकावर सही करताना आपणही तेवढं करूया. "कितवा?" च्या आधी "कशात?" विचारूया.