मृगाच्या आधी

मे महिना संपत आला, की सुट्टीचे दिवस भराभर जाऊ लागतात. आंब्याची पेटी रिकामी होत आलेली असते. आजोळी, म्हणजे नानीच्या घरी, जमलेली मुले परत निघायच्या गोष्टी बोलू लागतात. तुम्हीही बोटांवर दिवस मोजत असाल. पण याच दिवसांत घरामागच्या परसात सगळ्यांत जास्त काम असते आणि त्या कामाला उशीर चालत नाही.

परस म्हणजे घराच्या मागची मोकळी जागा. तेथे भाज्या, फुले, फळझाडे लावली, की ती झाली परसबाग. बाग हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. जमीन, गुलाब, कलम हे शब्दही उर्दूत आहेत आणि मराठीतही. एका शब्दाची मात्र गंमत आहे. उर्दूत 'हंगामा' म्हणजे गडबड, गोंधळ. मराठीत 'हंगाम' म्हणजे पिकाची वेळ. दोन्ही आले फारसीतूनच!

आता या हंगामाचे पाहू. मोसमी पाऊस केरळात साधारण १ जूनला येतो आणि मुंबईत ११ जूनच्या सुमारास. मराठी शेतकरी नक्षत्रांवरून दिवस मोजतो. मे महिन्याच्या शेवटी रोहिणी नक्षत्र लागते आणि ७ किंवा ८ जूनला मृग. मृगाच्या आधी जमीन तयार हवी, असा जुना रिवाज आहे.

जमीन तयार करायची म्हणजे काय? आधी कुदळीने माती खणायची. ढेकळे उलटी करून आठ-दहा दिवस उन्हात पडू द्यायची. खालची माती वर आली, की तिच्यातील किडींची अंडी कडक उन्हाने मरतात, उरलेल्या किडी साळुंक्या टिपून खातात. तणांच्या मुळ्या वाळतात. मग कुजलेले शेणखत मिसळायचे. अशा मोकळ्या मातीत पहिला पाऊस मुरतो. घट्ट जमिनीवरून तो नुसता वाहून जातो. खणण्याचे काम अब्बांचे किंवा मामूंचे, ढेकळे फोडण्याचे काम मुलांचे. हात दुखतात हे खरे, पण संध्याकाळी भूकही चांगली लागते.

दुसरे काम बियांचे, आणि ते बहुधा नानीच्या हाती असते. भेंडीच्या झाडावरची दोन-चार चांगली भेंडी ती तोडतच नाही. ती झाडावरच वाळतात, मग त्यांतले बी काढायचे. दोडका, कारले, भोपळा यांचेही तसेच. याला 'बी धरणे' म्हणतात. बी राखेत मिसळून कोरड्या मडक्यात ठेवतात. राख ओल शोषून घेते आणि किडे लागू देत नाही. बाजारात बियांची पाकिटे मिळतात, मग हा खटाटोप कशाला, असे तुम्ही विचाराल. नानीच्या घरचा भोपळा कदाचित तिच्या आईच्या घरून आलेला असतो. एका वर्षी बी धरायचे राहिले, तर ते वाण घरातून कायमचे जाते. म्हणून मडके उघडताना तिच्याजवळ बसा. कोणते बी कशाचे आणि कोठून आले, ते विचारा आणि चिठ्ठीवर लिहून मडक्याला बांधा.

एखाद्या दुपारी ढग भरून येतात, वीज कडाडते आणि वळवाचा पाऊस पडतो. तापलेल्या मातीचा वास सुटतो. मातीतील सूक्ष्म जीव जो पदार्थ तयार करतात, त्याचा यात मोठा वाटा असतो. उत्तर प्रदेशातील कन्नौज येथे भाजलेल्या मातीपासून अत्तर बनवतात. तोच हा 'मिट्टी का इत्र'. आपल्याला मात्र तो वास फुकट मिळतो.

राहता राहिला आंबा. काही घरांच्या दारी एखादे जुने रायवळ झाड असते. रायवळ म्हणजे कोयीपासून वाढलेले. अशा प्रत्येक झाडाच्या फळाची चव वेगळी असते. पण त्याची कोय लावली, तर बहुधा तीच चव मिळत नाही. जुने झाड वादळात पडले, की त्याची चवही गेली. ती टिकवायची असेल, तर कलम बांधावे लागते.

त्यासाठी आधी रोप हवे. आंब्याची कोय इतर बियांसारखी वर्षभर ठेवता येत नाही. काही आठवड्यांतच तिची रुजण्याची शक्ती जाते. म्हणून सुट्टीतल्या शेवटच्या आंब्यांच्या कोयी फेकू नका. धुऊन, सावलीत वाळवून लगेच पिशवीतल्या मातीत लावा आणि रोज थोडे पाणी घाला. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतो आणि त्याला तांबूस, कोवळी पाने फुटतात. ही पाने हिरवी होण्याच्या आत रोपाचा शेंडा कापतात, खोडाला चीर देतात, तिच्यात जुन्या झाडाची काडी पाचरीसारखी बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. हेच कोय कलम. कोकणातील रोपवाटिकांत आंब्याची कलमे बहुधा याच रीतीने बांधतात.

तोपर्यंत तुम्ही शाळेत परतलेले असाल. म्हणून पाच-सहा कोयी लावून ठेवा, कारण सगळ्याच रुजत नाहीत. गावात कलम बांधणारा कोण आहे, ते नानाजींना विचारून ठेवा. आणि शाळा सुरू झाली, की पहिल्याच आठवड्यात आजोळी फोन करा व तांबूस पाने दिसली का, ते विचारा.