खो-खोचं मैदान आणि सोलवटलेले गुडघे

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्याची. त्या विजयानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी मुलींना खो-खो आपला वाटू लागला असेल. पण विश्वचषक मॅटवर झाला आणि गावाकडचा सराव अजूनही मातीतच होतो. गडी बाद करायचा तर सूर मारावा लागतो आणि खाली कडक जमीन असली की गुडघे, कोपर, तळहात सोलवटतात. खेळायचं म्हटलं की एवढं चालायचंच, असं म्हणून आपण ते सोडून देतो. ते सोडून देऊ नये.

जिल्ह्यातल्या बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यावरची मैदानं बहुतेक मुरमाड. सखल भागात काळी माती, ती उन्हाळ्यात दगडासारखी टणक होते. मैदानावर पाणी मारून रोलर फिरवायचा ही खो-खो, कबड्डीची जुनी रीत. पण जिथे प्यायचं पाणी टँकरनं येतं, तिथे मैदानाला पाणी कुठून आणायचं? मग कोरड्या जमिनीवर सुटा मुरूम राहतो आणि त्याचा प्रत्येक खडा कातडीवर कानशीसारखा फिरतो.

कातडीचा वरचा थर बहुतेक ठिकाणी कागदाइतका पातळ असतो. तो घासून निघाला की खालच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात. ही टोकं मोठ्या पृष्ठभागावर एकदम उघडी पडत असल्यानं एखाद्या खोल कापापेक्षा खरचटलेलं जास्त झोंबतं. त्यात माती आणि कचही अडकते. ती वेळीच काढली नाही तर जखम भरल्यावरही कातडीत निळसर-काळा डाग कायमचा राहतो. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू तर मातीत आणि शेणात वर्षानुवर्षं टिकून राहतात.

मॅटवर खडे नसतात, पण घर्षणाच्या उष्णतेनं कातडी भाजल्यासारखी होते. शिवाय एकाच मॅटवर अनेकांचा घाम आणि रक्त लागतं. २००३ च्या हंगामात अमेरिकेतल्या सेंट लुईस रॅम्स या अमेरिकन फुटबॉल संघातल्या ५ खेळाडूंना नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंचा संसर्ग झाला. गळवं उठली ती नेमकी कृत्रिम हिरवळीवर खरचटलेल्या जागीच. म्हणून जखम झाकल्याशिवाय पुन्हा मैदानात उतरू नये, टॉवेल आणि नी-कॅप एकमेकांचे वापरू नयेत आणि मॅट रोज जंतुनाशकानं पुसावी.

उपचार सोपा आहे. आधी स्वतःचे हात धुवावेत. मग जखमेवर भरपूर स्वच्छ पाणी सोडावं, आजूबाजूची कातडी साबणानं धुवावी आणि खडे मऊ ओल्या कापडानं अलगद काढावेत. माती, चुना, टूथपेस्ट किंवा हळदीची पूड त्यात भरू नये. व्हॅसलिनचा पातळ थर देऊन स्वच्छ पट्टी बांधावी आणि ती रोज बदलावी. जखम उघडी ठेवून वाळवली की लवकर बरी होते, हा समज संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच प्रयोगानं खोडून काढला. ओलसर, झाकलेल्या जखमेवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगानं येते, असं त्यांना डुकरांवरच्या प्रयोगात दिसलं. लाली पसरू लागली, पू झाला, ताप आला किंवा खडा निघत नसेल तर दवाखाना गाठावा. सरकारी लसीकरणात धनुर्वाताची टीडी लस १० व्या आणि १६ व्या वर्षी मिळते. ती राहून गेली नाही ना, हे शाळेनं तपासावं.

मैदानाची काळजीही तशीच सोपी आहे. सगळ्या मैदानाला पुरेल इतकं पाणी नसेल, तर जिथे सर्वाधिक सूर पडतात त्या दोन्ही खांबांजवळच्या पट्ट्या तरी खेळाआधी ओल्या कराव्यात. तिथे चाळलेली मऊ माती अंथरावी. सराव सुरू होण्यापूर्वी सगळ्यांनी मिळून खडे वेचावेत. सुराचा सराव करताना ढोपरांवर पॅड आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट असावा.

यासाठी फारसा खर्च येत नाही. क्रीडाशिक्षकांच्या पिशवीत शिट्टीबरोबर साबण, पट्टी आणि व्हॅसलिन असलं, जवळ पाण्याचा कॅन असला, तरी बरंच साधतं. सोसण्याची ताकद आपल्या मुलींकडे आधीच आहे. त्यांना सोसावं लागू नये याची तजवीज करणं हे मोठ्यांचं काम आहे.