उठाबशा आणि मूत्रपिंडें



व्यायाम किती करावा, या प्रश्नास आपल्या घरांतून बहुधा एकच उत्तर मिळतें: जितका अधिक तितका बरा. शंभर बैठका चांगल्या, तर दोनशें अधिक चांगल्या. हा हिशेब कोठें चुकतो तें आज सांगावयाचें आहे. मी वैद्य नाहीं, सेवानिवृत्त शाळामास्तर आहें. परंतु हा हिशेब एकदां माझ्याच हातून चुकला, म्हणून या विषयाचा मीं पुढें शोध घेतला.

१९४०-४१ च्या हिवाळ्यांत लंडनवर जर्मन बाँब पडत होते. ढिगाऱ्याखालीं तासन्‌तास हातपाय चेंगरलेलीं माणसें बाहेर काढलीं म्हणजे प्रथम बरीं दिसत. पुढें त्यांची लघवी काळपट होई, मग कमी होत जाई, आणि आठवड्याभरांत कित्येक दगावत. बायवॉटर्स आणि बील या संशोधकांनीं १९४१ मध्यें अशा चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. मार बसला पायास आणि निकामी झालीं मूत्रपिंडें, हें कसें? तर स्नायूच्या पेशी फुटल्या कीं त्यांच्या पोटांतील माल रक्तांत उतरतो. त्यांत मायोग्लोबिन नांवाचें तांबडें द्रव्य असतें. तें मूत्रपिंडांच्या सूक्ष्म नळ्यांत सांचून त्या तुंबवितें आणि त्यांस इजा करतें. बरोबर पोटॅशियमहि सुटतें, तें हृदयाची लय बिघडवूं शकतें. या विकारास डॉक्टर रॅब्डोमायोलायसिस म्हणतात.

आतां, इतकें होण्यास घर अंगावर कोसळावेंच लागतें असें नाहीं. आकुंचन पावलेला स्नायु पुन्हां सैल होण्यासहि शक्ति खर्च होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्या शक्तीच्या जोरावर पेशी आपल्या आंतलें मोकळें कॅल्शियम सतत बाजूस काढीत असते. शक्तीचा सांठा संपल्यावरहि स्नायूस राबविलें कीं तें आंतच सांचतें, आणि एरवीं शांत असलेलीं विकरें जागीं होऊन पेशीलाच पचवूं लागतात. त्यांत बैठकेचा प्रकार विशेष नडतो. खालीं बसतांना मांडीचा स्नायु भार पेलीत असतो आणि त्याच वेळीं ताणलाहि जात असतो. अशा ओढाताणींत तंतु अधिक तुटतात. दुसऱ्या दिवशीं जिना चढण्यापेक्षां उतरणें कठीण जातें, तें याच कारणानें.

अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघांत जानेवारी २०११ मध्यें हेंच घडलें. सुमारे तीन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर परतलेल्या खेळाडूंकडून खांद्यावर वजन घेऊन १०० बैठका काढविण्यांत आल्या. वजन, ज्याला जास्तींत जास्त जेवढें पेलवे त्याच्या निम्में. पुढील कांहीं दिवसांत १३ जणांस रुग्णालयांत ठेवावें लागलें. सर्व बरे झाले, हें सुदैव. हे कांहीं किरकोळ देहाचे तरुण नव्हते. अंगीं बळ होतें. पण विश्रांतीनें सवय मोडली होती, आणि केव्हां थांबावें हें ठरविणारा दुसराच होता. सैन्यांतील नवे रंगरूट आणि शाळेंत शिक्षा भोगणारीं मुलें यांच्या बाबतींत या दोन गोष्टी हटकून एकत्र येतात. तालमींतला जुना वस्ताद नव्या पोरास पहिल्या दिवशीं थोड्याच बैठका देई, आणि मग दिवसागणिक वाढवी, तें उगीच नव्हे.

व्यायामानंतर दोनतीन दिवस अंग दुखणें साधें. तें आपोआप ओसरतें. परंतु स्नायु सुजून ताठ झाले, पाय उचलवेनासा झाला, किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. लघवीचा रंग प्रत्येक वेळीं बदलतोच असें नाहीं, म्हणून रक्ताची तपासणी हवी. त्यांत क्रिएटिन कायनेज नांवाचें विकर मोजतात; निरोगी माणसांत तें लिटरमागें साधारण २०० एककांच्या आसपास, अशा रोग्यांत हजारों, कधीं लाखावरहि. शिरेवाटे सलाइन वेळेवर व भरपूर मिळालें तर मूत्रपिंडें बहुधा वांचतात. घरांतली आयब्युप्रोफेनची गोळी मात्र देऊं नये. तिनें मूत्रपिंडांस अधिकच अपाय होतो.

१९९२ सालीं सातवींतील एका मुलास गृहपाठ न केल्याबद्दल मीं शंभर उठाबशा काढावयास लावल्या. साठीच्या पुढें तो थांबला, तेव्हां मेजावर छडी आपटून मीं पुढचे आंकडे मोजावयास लावले. दोन दिवस तो आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्याची आई शाळेंत आली. "गुरुजी, पोराला जिना उतरवत नाहीं, अन्‌ लघवी चहासारखी होतेय." मला तो बहाणा वाटला, आणि मीं तसें बोलूनहि दाखविलें. त्याच सायंकाळीं त्याला रुग्णालयांत न्यावें लागलें. तेथें सलाइनवर राहून तो बरा झाला. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा अशा शारीरिक शिक्षेस मनाई करतो; तेव्हां तो नव्हता, आणि असता तरी मला ही शिक्षा वाटली नसती, व्यायामच वाटला असता.

आठ दिवसांनीं मुलाचे वडील रजेचा अर्ज घेऊन आले. कारण म्हणून त्यांनीं "आजारी" एवढेंच लिहिलें होतें. मीं त्यावर "मंजूर" असें लिहून सही केली.