झेवियर्स, क्राइस्टसारख्या कॅथलिक संस्थांत लातूर-नांदेडच्या मुलांना जागा असते का?

लातूर पॅटर्न म्हटलं की सगळ्यांना नीट आणि जेईईच आठवतं. पण बारावीनंतर बीए, बीएस्सी, बीएमएससाठी मुंबई-बंगळुरूचा फॉर्म भरणारी पोरंही इथलीच. त्यांच्या यादीत झेवियर्स आणि क्राइस्ट ही नावं हमखास असतात. आणि घरून हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "ते ख्रिश्चन लोकांचं आहे ना, आपल्याला घेतील का?"

आधी एक गोंधळ मिटवू. मुंबईचं सेंट झेवियर्स ही युनिव्हर्सिटी नाही, कॉलेज आहे. जेझुइट पाद्र्यांनी ते 1869 मध्ये सुरू केलं. 2010 मध्ये त्याला स्वायत्तता मिळाली. म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या हातात, पण पदवी मुंबई विद्यापीठाची. लातूरचं राजर्षी शाहू कॉलेज स्वायत्त असूनही नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाशी संलग्न आहे, अगदी तसंच. बंगळुरूचं क्राइस्ट मात्र 2008 पासून अभिमत विद्यापीठ आहे, त्यामुळे पदवी तेच देतं. पुण्याचं ज्ञानदीप विद्यापीठ यात मोजू नका. तिथे मुख्यतः धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलं जातं.

मग धर्म आड येतो का?

नाही. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिश्चन एक टक्काही नाहीत, त्यातही सगळे कॅथलिक नाहीत. फक्त त्यांच्यावर एवढी कॉलेजं चालणं शक्यच नाही. संविधानाच्या कलम 30 नुसार अल्पसंख्याकांना संस्था चालवण्याचा हक्क आहे, म्हणून त्यांच्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात. उरलेल्या सगळ्यांसाठी. चर्चमध्ये जावं लागेल ही भीतीही काढून टाका. कलम 28 (3) नुसार सरकारमान्य संस्था तुम्हाला संमतीशिवाय प्रार्थनेला बसवू शकत नाही. विद्यार्थी अठरा वर्षांखालचा असेल तर ही संमती पालकांची लागते.

खरी मेख आरक्षणात आहे

हे कुणी नीट सांगत नाही. 2005 च्या 93 व्या घटनादुरुस्तीने कलम 15 (5) आलं. त्यामुळे खासगी कॉलेजांतही एससी, एसटी, ओबीसी आरक्षण लागू करण्याची सोय सरकारला मिळाली, पण अल्पसंख्याक संस्था त्यातून वगळल्या. सर्वोच्च न्यायालयानेही 2014 मध्ये ही सूट कायम ठेवली. म्हणजे नांदेडच्या कॉलेजात ज्या जातप्रमाणपत्रावर प्रवेश मिळतो, तेच प्रमाणपत्र इथे चालेलच असं नाही. काही कॉलेजं स्वतःहून मागासवर्गीय मुलांना सवलत देतात. पण ती त्यांची मर्जी, तुमचा हक्क नाही. ज्या मराठवाड्यात बाबासाहेबांनी मिलिंद कॉलेज उभं केलं, तिथल्या मुलांना हे प्रवेशाच्या खिडकीवर कळू नये. माहितीपत्रकातला जागावाटपाचा तक्ता फॉर्म भरण्याआधीच वाचा.

जागा मिळालीच तर खर्चाचं बघता येतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृह मिळालं नाही, तर राज्याची स्वाधार योजना आहे. निकषात बसणाऱ्याला त्यातून मुंबईत राहण्या-जेवण्यासाठी वर्षाला 60 हजारांपर्यंत मिळतात. क्राइस्टचा विचार करत असाल तर राज्याबाहेर कोणती शिष्यवृत्ती चालते, हे आधी समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या.

आत गेल्यावर काय?

झेवियर्समध्ये तुकड्यांच्या तासांपेक्षा बाहेरचंच जास्त बोललं जातं. मल्हार हा ऑगस्टमधला फेस्टिव्हल सगळ्यांना माहीत असतो. त्याहून वेगळी गोष्ट म्हणजे सामाजिक उपक्रमाचे 60 तास. वस्तीत शिकवा, एखाद्या संस्थेत काम करा, पण तास भरायचेच. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीचं केंद्र 2003 पासून आहे. प्राध्यापकांची परंपराही तगडी. स्पॅनिश जेझुइट फादर हेरास यांनी 1926 मध्ये इथे इतिहास संशोधन संस्था काढली आणि सिंधू लिपीवर अनेक वर्षं काम केलं. माजी विद्यार्थ्यांत सुनील गावसकर आहेत.

इंग्रजीचं दडपण मात्र येतं. तास इंग्रजीत, कँटीनही बऱ्यापैकी इंग्रजीत. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलांसाठी पहिलं सत्र जड असतं. कॉलेजात मराठी वाङ्मय मंडळ आहे. पहिल्याच आठवड्यात तिथे जाऊन या, गाववाले तिथेच भेटतात.