पुंगळीच्या पितळेची पारख

जालन्यात १८२७पासून इंग्रजांची लष्करी छावणी होती. छावणी आली की घोडे, पागा आणि दारूगोळाही आलाच. पुढे पितळी काडतुसे आल्यावर हिंदुस्थानातल्या लष्कराला एका कोड्याने हैराण केले होते: पागांजवळ ठेवलेली, एकदाही न झाडलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत.

दोष दारूचा नव्हता. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळेत कोंडलेला ताण, असे तिघे मिळून धातू फोडत. १९२१ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी हे सिद्ध केले.

काडतुसाचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. त्याची चकती दाबत, ओढत पुंगळी घडवतात. प्रत्येक ओढीने धातू कडक होतो, म्हणून मध्येमध्ये तापवून मऊ करावा लागतो. बूड कडक आणि मान मऊ राहिली तरच माल चांगला. मानेजवळचा निळसर-तपकिरी पट्टा हा डाग नव्हे, तिथे आच दिल्याची खूण आहे. कोंडलेला ताण तपासायला नमुना पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवतात. ताण असेल तर चिरा उमटतात.

मोठ्या रायफलीची पुंगळी पुन्हा भरायची तर बुडाच्या जरा वर पाहावे. तिथे चमकदार कडे दिसले, की तिथली भिंत ताणून आतून पातळ झाली आहे. ती पुंगळी भंगारातच जावी. आपल्याकडे काडतुसे बनवायला परवाना लागतो. खडकी आणि वरणगाव इथल्या सरकारी कारखान्यांत हे काम चालते.